दिवसाउजेडीचा भात आणि लोखंडाची वजनं



गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी वाटीभर भातावरून तीन दिवस अबोला झाला. लेक सव्वीस वर्षांची. बेलापूरला नोकरी करते, सात वाजता ऑफिस सुटलं की तिथेच जिममध्ये जाते आणि नऊच्या पुढे पळस्प्याला घरी पोचते. त्या रात्री ती आली आणि सरळ गॅसपाशी जाऊन भात गरम करायला लागली. बाराव्या वर्षापासून या मुलीनं रात्री अन्न घेतलेलं नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती, चातुर्मासात माताजींसमोर स्वतःहून नियम घेतला होता. मी म्हटलं, “काय गं, एवढी भूक लागली?” तर म्हणाली, “भुकेचा प्रश्न नाही, आई. ट्रेनरनं सांगितलंय. दिवसभर भात-पोळी बंद, वजनं उचलून झाल्यावर रात्रीच खायचं. त्यानं चरबी जाते.”

भूक लागली म्हणाली असती तर मी एवढी चिडले नसते. रात्री जेवल्यानं चरबी जाते हे काही माझ्या गळी उतरेना. मी बरंच बोलले, नको तेही बोलले. तिनं भात तसाच ठेवला आणि झोपायला गेली. उपाशी झोपलेल्या लेकीपेक्षा मोठी शिक्षा आईला नसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की त्याच महिन्यात माझाही रिपोर्ट आला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. चालणं पुरे नाही, वजनं उचला. स्नायू वाढवा.” बावन्नाव्या वर्षी मी वजनं उचलणार, हे ऐकून हे दिवसभर हसत होते. म्हणजे प्रश्न लेकीचा एकटीचा नव्हता. वजनं उचलायची, संध्याकाळचं धान्य केव्हा खायचं, आणि सूर्य मावळायच्या आत चूल बंद करायची, हे तिन्ही एका घरात कसं बसवायचं? मग मी वाचायला बसले. जिथे समजलं नाही तिथे लेकीलाच विचारलं, अबोला त्यामुळेच सुटला.

आधी हा रात्रीचा भात आला कुठून ते पाहू.

१९६६ साली स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग स्वतःवरच केला. एकच सायकल, दोघं दोन बाजूंना. एकानं फक्त डाव्या पायानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं फक्त उजव्या. दोघांचा दुसरा पाय आरामात. एक-एक पाय थकून रिकामा होईपर्यंत त्यांनी ते चालवलं. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण घेतलं आणि रोज दोन्ही मांड्यांत सुई घालून स्नायूचा कण काढून तपासला. माणूस एक, पोट एक, जेवण एक. तरी दमलेल्या पायात साखरेचा साठा आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला. खाल्लेलं अन्न अंगात कुठे जाऊन बसणार हे त्या-त्या स्नायूनं काय काम केलं यावर ठरतं, हे त्यातून स्पष्ट झालं.

मला हा प्रयोग फार आवडला, कारण तो आपल्याला कोठीच्या भाषेत समजतो. आपल्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास साखर साठते. कोठी भरलेली असेल तर आणखी आलेलं धान्य कुठे ठेवायचं? ते चरबी होऊन माळ्यावर जातं. काम करून कोठी थोडी रिकामी केली असेल तर ते आधी तिथे जातं. शिवाय स्नायू आकुंचन पावला की साखर आत घेणारी दारं इन्सुलिनची वाट न बघता उघडतात, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस ती अधिक सहज उघडत राहतात. ‘एक-दोन दिवस’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पुढचा टप्पा २०११ सालचा, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातला. ७८ लठ्ठ पोलिसांना सहा महिने कमी उष्मांकाचा आहार दिला. निम्म्यांची पोळी-भातासारखी पिष्टं दिवसभरात वाटलेली, निम्म्यांची जवळजवळ सगळी रात्रीच्या जेवणात. रात्रीवाल्यांचं वजन आणि पोटाचा घेर थोडे जास्त उतरले, भूकही कमी लागली. ही कल्पना त्यांना कुठून सुचली? रमजानच्या उपवासात भुकेच्या संप्रेरकाची दिवसभराची चढउतार बदलते, त्या निरीक्षणावरून. म्हणजे एका धर्माच्या जेवणाच्या वेळेवरूनच हे शास्त्र निघालं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत जॉन कीफर नावाच्या, मुळात भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसानं त्यात वजनं मिसळली. दिवसभर पिष्टं टाळा, संध्याकाळी वजनं उचला, मग रात्री मनसोक्त खा. त्याला त्यानं ‘कार्ब बॅक-लोडिंग’ असं नाव दिलं आणि त्याच नावाचं पुस्तक काढलं. तिथून ते जिमच्या भिंतींवर गेलं, आणि दहा-बारा वर्षांत बेलापूरमार्गे माझ्या गॅसवर.

पोलिसांच्या त्या प्रयोगात मात्र वजनं उचलण्याचा भाग नव्हता. आणि त्याच देशात २०१३ साली ९३ स्थूल बायकांवर उलटा प्रयोग झाला. दोन्ही गटांना दिवसाला १४०० कॅलरी. एका गटाला त्यातल्या ७०० सकाळी, दुसऱ्याला ७०० रात्री. बारा आठवड्यांत सकाळी जास्त खाणाऱ्यांचं वजन दुपटीहून अधिक उतरलं. त्याच वर्षी स्पेनमधल्या ४२० जणांच्या पाहणीत दुपारचं जेवण तीननंतर घेणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. आता कुणाचं ऐकायचं? २०२२ साली स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला ३० जणांना मोजूनमापून सगळं जेवण पुरवलं, काही आठवडे सकाळी जास्त, काही आठवडे रात्री जास्त. वजन दोन्हींत सारखंच उतरलं. सकाळी जास्त खाल्लं तेव्हा भूक मात्र कमी लागली.

मला यातून एवढं कळलं की वजन ताटात एकूण किती आहे यावर उतरतं. वेळेचा वाटा आहे, पण तो लहान, आणि त्यात रात्रीची बाजू काही भक्कम नाही. रात्री तीच वाटी भात खाल्ला तर साखर सकाळपेक्षा जास्त चढते, हे तर अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे.

हे वाचून मला विजयाचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. लेकीला ऐकवायला उठलेच होते. पण मग आपल्याकडचं वाचायला घेतलं, आणि तो आनंद थोडा ओसरला.

रात्रीभोजनत्याग आपल्याकडे किती जुना आहे ते तुम्हाला माहीत आहे. श्वेतांबर परंपरेत दशवैकालिक सूत्रात पाच महाव्रतांच्या पाठोपाठ तो सहावा येतो. आपल्या दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमांपैकी सहावी त्याचीच, आणि तिथे अन्न, पान, खाद्य, लेह्य असे चारही प्रकार रात्री वर्ज्य सांगितले आहेत. कारण सगळीकडे एकच, अहिंसा. अंधारात जीव दिसत नाहीत आणि दिवा लावला की ते दिव्याकडे धावतात. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी कुमारपाल राजासाठी योगशास्त्र रचलं, त्याच्या तिसऱ्या प्रकाशात मात्र एक वेगळी गोष्ट दिसते. सूर्य गेला की हृदयाचं आणि नाभीचं कमळ मिटतं, म्हणून रात्री जेवू नये, असं वैद्यकाचं मत ते सांगतात, आणि सूक्ष्म जीव पोटात जातात हे कारण त्याला जोडतात. म्हणजे आरोग्याचा दाखला देऊन नियम पटवण्याची पद्धत आठशे-साडेआठशे वर्षं जुनी आहे. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑटोफॅजीला २०१६ चं नोबेल मिळालं, आपले मुनी आधीच सांगत होते’ असं पाठवतो, ती त्याच वाटेवरची पुढची पायरी. (ते नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमींना मुख्यतः यीस्टच्या पेशींवरच्या कामासाठी मिळालं. चौविहाराबद्दल त्यात काही नव्हतं. मीही तो निरोप पुढे पाठवला होता, कबूल करते.)

या सगळ्यात शक्ती कमावणाऱ्यांचं काय? कारण लेकीचा खरा प्रश्न तोच होता. “आई, तुमच्या काळी कोण वजनं उचलत होतं?”

आमच्या पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं की शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके तिथले, जन्म १८४५ चा. पुण्याला गेल्यावर ते लहुजी साळवे वस्तादांच्या तालमीत घुमले. जोतीराव फुलेही त्याच तालमीतले. म्हणजे लोखंड आणि माती आपल्या शेजारच्या गावालाही नवी नाही. पुढे १९०५ च्या सुमारास युजेन सँडो हिंदुस्थानात खेळ करून गेला आणि डंबेल्सचं वेड शहरांत पसरलं. घरातले पुरुष घालतात तो सँडो बनियन त्याच्याच नावाचा. तोवर आपल्याकडे करेला होता, मुद्गल होते, नाल होती. पुढे बडोद्याच्या मुजुमदारांनी हे सगळं व्यायाम ज्ञानकोशाच्या दहा खंडांत मराठीत जमा केलं. १९३६ साली सुरू झालेलं ते काम १९४९ पर्यंत चाललं. एका माणसानं दहा खंड! आपल्याला एक लेख लिहायला महिना लागतो.

कोल्हापूर मात्र आमच्या घरातलं. शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायतवारीत रोमचं कलोसियम पाहिलं आणि परत आल्यावर खासबाग मैदान बांधवलं, ते १९१२ ला पुरं झालं. त्या शहरात मुलगा शिकायला गेला आणि तालमीत गेला नाही असं क्वचितच व्हायचं. आपले कर्मवीर भाऊराव पाटील, कुंभोजचे, तरुणपणी कुस्तीचे शौकीन होते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, साठच्या दशकात जैन बोर्डिंगात राहून तिथे शिकले. पैलवान वगैरे नव्हते, पण तालमीचा नाद होता. तालमीचा दिवस दोन टोकांचा असतो. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी लाल मातीत लढती, आणि दोन्हींनंतर खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई. (पांढरा-तांबडा इतरांसाठी, तो विषय आपल्याला नको.)

बोर्डिंगात संध्याकाळचं ताट दिवस मावळायच्या आत वाढलं जायचं. थंडीत साडेपाचलाच. उशिरा येणाऱ्याला काही नाही. आप्पांचे वस्ताद कुरकुरायचे, मातीतून निघालेल्या पोराला भाकरी नको का? आप्पा सांगायचे, “मी वस्तादांना म्हटलं, भाकरी हलणार नाही, मीच हलतो.” ते साडेतीनला तालमीत जायचे, बाकीचे यायच्या आत त्यांचा घाम निघालेला असायचा, आणि पाचला आंघोळ करून पंगतीत. ज्वारीच्या तीन भाकऱ्या, आमटी, वर तूप. कमावलेल्या अंगावर पडलेली ती भाकरी. स्वीडनच्या पायाची गोष्ट आप्पांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण करत होते ते तेच.

ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. त्या रात्री लेकीवर ओरडताना ती मला आठवली नाही.

आणि बायका? तालमीचा इतिहास पुरुषांचा, म्हणून आपण त्यात नाही असं वाटतं. पण आमची आज्जी मिरजेकडच्या खेड्यात रोज जातं ओढायची. शेजारच्या बायका पहाटे अंधारात दळायच्या, आज्जी मात्र उजाडल्यावर, धान्य निवडून, जात्याची पाळी पुसून, कारण अंधारात जात्यात जीव सापडेल ही धास्ती. दळण, मग दोन घागरी डोक्यावर, मग कांडण. खांदा, पाठ, मांड्या, सगळ्यांना रोज काम. पुढे गावात गिरणी आली, नळ आला, आमच्या पिढीत मिक्सर आला. काम गेलं आणि भाकऱ्यांची संख्या तीच राहिली. वर साबुदाणा, फरसाण, पर्युषणाच्या पारण्याची गोडं. आपल्या ताटात साठ टक्क्यांच्या आसपास उष्मांक धान्य आणि साखरेतून येतात. कोठी भरलेलीच, त्यावर पोत्यावर पोतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या आपल्या सहकाऱ्याबरोबर, डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर, एक छायाचित्र प्रसिद्ध केलं. दोघंही सडपातळ, उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे आपल्याकडचं वैशिष्ट्य त्यांनी पुण्याच्या बाळांपासून दाखवून दिलं आहे. म्हणून “मी कुठे जाड आहे?” असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनाही डॉक्टर हल्ली वजनं उचलायला सांगतात. आज्जीचं जातं परत येणार नाही. दोन-दोन किलोचे डंबेल्स तरी येऊ शकतात.

मधल्या काळात महाराष्ट्रात २०१८-१९ च्या सुमारास घराघरांत एक वाद रंगला होता, आठवतोय ना? दीक्षित की दिवेकर? डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच खा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत, म्हणजे इन्सुलिन वारंवार सुटणार नाही. आमच्या इमारतीतल्या कच्छी काकी म्हणाल्या, “हे तर आमचं बियासणं!” दुसरीकडे ऋजुता दिवेकर, ज्यांचं पुस्तक २००९ पासून सगळ्यांकडे होतं, त्या म्हणत होत्या, थोडं थोडं खा, रात्री वरण-भात-तूप खुशाल खा, पण सूर्यास्तानंतर दोन तासांच्या आत जेवण उरका. दोघांचीही सूत्रं आपल्या घराच्या आसपास फिरत होती, आणि आपण मात्र भिशीत त्यावर भांडत होतो. वजनांबद्दल कुणी विचारत नव्हतं. दीक्षितांच्या बाजूला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं होतं. ते चांगलंच, पण चालून खांद्याला काम मिळत नाही.

आता लेकीच्या ट्रेनरच्या कागदाकडे येते. त्यावर लिहिलं होतं: व्यायामाआधी रताळं, नंतर दह्यात कालवलेले मोड आलेले मूग, रात्री नऊला भात. कंदमूळ, द्विदल आणि रात्रीभोजन, एका पानावर तीन! बिचाऱ्याला काय माहीत. चांगला मुलगा आहे, लेकीनं समजावल्यावर त्यानं सगळं बदलून दिलं. मुळात त्याचा हेतू एवढाच होता की दिवसाची पिष्टं आटोक्यात राहावीत आणि जी खायची ती कामाच्या जवळ खावीत. नऊचा आकडा जिम सातला सुरू होते म्हणून आला होता. भाताला त्या आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पनवेलला सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास होतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. त्यातून दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण संपवायचं म्हटलं तर थंडीत सव्वापाच आणि उन्हाळ्यात साडेसहा. नोकरी करणाऱ्या मुलीला थंडीत हे ऑफिसातच करावं लागतं. मुंबईत आपल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं संध्याकाळचा वेगळा डबा नेतात, त्यात नवीन काही नाही. लेक आता सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे सहाला इथेच फाट्याजवळच्या जिममध्ये वजनं उचलते. पिष्टांचा मोठा वाटा मग सकाळी, दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि मुगाची उसळ. संध्याकाळी सव्वापाचला ऑफिसात डबा: एक वाटी भात नाहीतर एक भाकरी, भरपूर भाजी, जाड वरण किंवा पनीर. एक वाटी भातात साधारण ४० ग्रॅम पिष्ट. सकाळच्या व्यायामानं उघडलेली दारं संध्याकाळपर्यंत बंद झालेली नसतात, ते ‘एक-दोन दिवस’ इथे कामाला येतात. दिवसातून दोनदा शर्यत पळणाऱ्या खेळाडूला लगेच खावं लागतं, आपल्याला नाही.

माझं त्याहून सोपं. मी संध्याकाळी साडेचारला घरीच करते. खुर्चीवरून उठबस, भिंतीवर जोर, डंबेल्सनं खांदे आणि पाठ, आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटं. मग गाळलेलं पाणी, मग स्वयंपाक, आणि सहाच्या आत जेवण. पूर्वी मी चहाबरोबर चारला खाकरे आणि चिवडा खायची, वर सहाला तीन पोळ्या. आता चारचं गेलं आणि तीनाची एक झाली. सात महिन्यांत वजन साडेचार किलो उतरलं, कमरेचा घेर तीन इंच. साखर ५.७. यातलं किती व्यायामानं, किती पोळ्या कमी झाल्यानं आणि किती वेळेनं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. चिवड्याचा वाटा मोठा असावा असा माझा संशय आहे.

एक गोष्ट सांगितली नाही तर पाप लागेल. माझ्या उत्साहात मी ह्यांचंही संध्याकाळचं धान्य कमी केलं. ह्यांना मधुमेह आहे आणि त्यांची गोळी रात्रभर साखर उतरवणारी. एका चतुर्दशीला सव्वापाचला नुसती भाजी-वरण खाऊन झोपले, आणि पहाटे तीनला घामानं चिंब, हात थरथरत, बोलणं अडखळत उठले. मशीनवर साखर ५४. मी साखरेचा डबा हातात घेऊन क्षणभर थांबले. तो क्षण मी विसरू शकत नाही. मग लेकीनं माझ्या हातातून डबा घेतला आणि पाण्यात साखर ढवळून त्यांना पाजली. हो, त्याच लेकीनं. नंतर माताजींकडे प्रायश्चित्त घ्यायला गेलो तर त्यांनी ह्यांना एक जाप दिला, आणि मला म्हणाल्या, “थांबलीस का?” गोळी आता बदलून घेतली आहे. तेव्हा घरात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर संध्याकाळची भाकरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. सहा ते सकाळी आठ म्हणजे चौदा तास होतात.

त्याच भेटीत लेकीनं माताजींना विचारलं, “चरबी कमी व्हावी म्हणून रात्रीचं सोडलं तर ते व्रत होतं का?” तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रती तोच, ज्याला शल्य नाही, असं येतं. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं. व्रताच्या बदल्यात काहीतरी मागणं म्हणजे निदान. माताजी म्हणाल्या, “वजन हवं तर वजनं उचल. व्रत त्यासाठी खर्च करू नकोस.” मला ते लागलं, कारण तिला परत नियमावर आणायला मी हेच केलं होतं. स्कॉटलंड आणि स्पेन पुढे करून म्हटलं होतं, बघ, आपला नियमच वजन उतरवतो. उद्या कुणी आणखी प्रयोग करून रात्रीचंच जेवण चांगलं ठरवलं तर मी काय करणार होते?

लेकीनं नियम पुन्हा घेतला आहे. या वेळी वर्षाचा, जन्माचा नाही, आणि मी त्यावर काही बोलले नाही. सध्या दिवस मोठा आहे, तेव्हा शनिवारी ती साडेचारला माझ्याबरोबर हॉलमध्ये वजनं उचलते, मला “पाठ सरळ, आई” म्हणून ओरडते, आणि सव्वासहाला आम्ही दोघी भाताला बसतो. डंबेल्स ज्वारीच्या कोठीशेजारी ठेवलेत. दिवाळीनंतर तिची पुन्हा पहाट सुरू होईल.